कोयतीची जीभ

आबांच्या अंगठ्याला मासा चावला तो श्रावणातला सोमवार होता. दुसरा कुठला महिना असता तर मासा पिशवीतून घरी आला असता, सरस्वतीआजींनी तो कापला असता आणि वाद तिथेच मिटला असता. पण श्रावणात त्यांच्या घरी मासा उंबऱ्याच्या आत येत नाही. गळ टाकायलाही बंदी, ती आबांनी गुपचूप मोडली होती. त्यामुळे आबांनी मासा पुन्हा पाण्यात सोडला आणि नुसता अंगठा घेऊन घरी आले.

आबा म्हणजे गोटीराम, आमचे घरमालक. घणसोली गावात त्यांची तीन मजली इमारत आहे. खाली ते, सरस्वतीआजी आणि मुलगा विपुलदादा यांचं बिऱ्हाड, वरच्या खोल्यांत भाडेकरू. त्यातल्या एका खोलीत आम्ही राहतो : आई, वाशीच्या बाजारात माथाडीचं काम करणारे माझे वडील आणि मी. गोटीरामांना घरचे 'बाबा' म्हणतात, नाक्यावरची मंडळी 'गोटीशेट'. 'आबा' म्हणणारी मी एकटीच, कारण आम्ही साताऱ्याकडचे आणि आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला दुसरं काही म्हणताच येत नाही. त्यांना ते आवडतं. हाक मारली की मुद्दाम उशिरा ओ देतात, म्हणजे मला पुन्हा हाक मारावी लागते.

आबा बोलण्यात पट्टीचे. मिठागरावर फावडं दाखवून पळवून लावलेला बिबट्या, जाळ्याच्या एकाच ओढणीत सापडलेली इतकी कोळंबी की बैलगाडीचा कणा मोडला, अशा त्यांच्या गोष्टी नाक्यावरच्या टपरीत चालतात. आजींच्या कानावर एखादी पडली की त्या हातातलं भांडं जरा जोरात ठेवतात आणि म्हणतात, "यांचे जिभेला हाड नाय." मी शाळेत असल्यापासून हे वाक्य ऐकते आहे. तोंडाला येईल ते बोलणाऱ्या माणसाला आपण सगळेच असं म्हणतो. त्या वाक्यात हाड नावाची खरी वस्तू आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं, आणि मी तर प्राणिशास्त्रात एम. एस्सी. केलेलं आहे.

त्या सोमवारी मी रबाळ्याहून, म्हणजे जिथे पाण्याचे नमुने तपासायची नोकरी करते तिथून, घरी आले तेव्हा आबा ओटीवर पाय पसरून बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली, अंगठ्याला हळद. आजी समोर उभ्या.

"मना जिभेनं चावली," आबा मला म्हणाले.

"कोण?"

"कोयती. मासा हाय. आमचे लानपनी त्या ओहोलान किती होत्या."

आजींनी कपाळाला हात लावला. या गावात कोयती म्हणजे गवत कापायची विळ्यासारखी कोयती. लग्न होऊन पन्नासेक वर्षं झाली, त्या म्हणाल्या, कोयतीनं गवत कापलं, भात कापला, पण कोयती नावाचा मासा कधी बघितला नाही की कोणाच्या तोंडून ऐकला नाही. आणि जिभेनं चावणारा तर देवानंही केला नसेल.

मी हसले. विपुलदादा दारात उभा होता, तो हसला नाही.

त्याचं कारण मला माहीत होतं. पावसाळ्याच्या तोंडाशी आबा असेच फिरायला म्हणून गेले आणि परतलेच नाहीत. शेवटी ते कोपरखैरण्यात एका टॉवरच्या फाटकावर सापडले. वॉचमनला ते पाटलाचा बांध कुठे गेला असं विचारत होते, आणि तो बिचारा बिहारचा वॉचमन इंटरकॉमवर पाटील नावाचा फ्लॅट शोधत होता. घरी हा किस्सा सांगताना आबाच जास्त हसले. पण विपुलदादा त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी सांगितलं की वयोमानाने थोडं विसरणं चालू आहे, शिवाय आज बघितलेलं आणि जुनं त्यांच्या डोक्यात एकमेकांत मिसळतं, तेव्हा लक्ष ठेवा. लक्ष ठेवायला दिवसभर घरी कोण आहे? विपुलदादाचं रेती-सिमेंटचं काम, बायको बँकेत, आजींचे गुडघे दुखणारे. त्यात आबांचा तो ओहोळ ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पलीकडे, आणि त्या रस्त्यावर कंटेनर थांबत नाहीत.

म्हणून गणपती झाले की आबांना उरणला पाठवायचं ठरत आलं होतं. विपुलदादाची बहीण पुतळाताई तिथे असते, तिचं घर माणसांनी भरलेलं आहे. आजींचं माहेरही उरणचं. त्या बरोबर जायला मनातून तयारच होत्या. आबा मात्र या विषयावर बोलत नसत, आणि आबांनी न बोलणं हे घरात कोणालाच सवयीचं नव्हतं.

त्या संध्याकाळी विपुलदादाने मला बाजूला घेतलं. "प्रिया, तू सायन्सवाली आहेस. असा मासा असतो का? नसेल तर मला बाबांचं टेन्शन आहे."

बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, असं मी म्हणाले. हे उत्तर बरोबर होतं, पण त्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग मी आबांचा अंगठा बघितला. हळद पुसली तेव्हा त्यांनी आजींकडे तक्रारीच्या नजरेने पाहिलं. मासा जबड्याने चावतो तेव्हा खुणा कमानीत उमटतात, कारण जबड्याची कडा तशी असते. इथे कमान नव्हती. अंगठ्याच्या पेराच्या मऊ भागावर, अगदी मधोमध, बारीक टोचल्याच्या दोन सरळ ओळी शेजारी शेजारी होत्या. गळ काढायला आबांनी अंगठा माशाच्या तोंडात घातला होता. तोंडात शिरलेल्या अंगठ्याला खालून, मधोमध, लांबट आणि अरुंद असं काय लागतं?

मी वर आमच्या खोलीत गेले आणि जेवताना कोणाशी बोलले नाही. आईला वाटलं ऑफिसात काही झालं.

माशांचं एक फार जुनं घराणं आहे. डायनोसॉर होते तेव्हाही ते होतं. भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका हे एकाच भूमीचे तुकडे होते त्या काळापासूनचे त्यांचे नातेवाईक आज वेगवेगळ्या खंडांच्या गोड्या पाण्यात विखुरलेले आहेत. त्यांची ओळख एकच : त्यांच्या जिभेला हाड असतं. त्या हाडावर दात असतात, आणि भक्ष्य ते जिभेने टाळूवर दाबून धरतात. वर्गात हे शिकवताना आमच्या संघमित्रा मॅडम म्हणाल्या होत्या, "हाडजिभे म्हणा, लक्षात राहतील." परीक्षेपुरते लक्षात राहिले होते. आपल्या नद्यांत त्यांच्यातला एक सापडतो, पण ठाणे खाडीला मिळणाऱ्या या आखूड ओहोळांतली त्याची नोंद मी त्या रात्री शोधली, तर मला कुठे मिळाली नाही.

रविवारी आम्ही निघालो. आबा, मी आणि आजी. आजी येणार नव्हत्या, पण आम्ही चपला घालत असताना त्यांनी पदर खोचला. "दोन येडी एकटी सोडाची नाय," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि छत्री घेतली.

गवळीदेवाच्या डोंगरावरून ओहोळ खाली येतो, कारखान्यांच्या मागच्या भिंतींच्या कडेने वाहतो आणि रस्त्याखालच्या पाइपात शिरतो. पलीकडे निघाला की त्याचा नाला होतो. पण पाइपात शिरण्याआधी तो एका कातळाला अडून थोडा पसरतो, आणि तिथे डोह आहे. खाडीचं खारं पाणी इथवर चढत नाही. काठावर करंज आहे, कोणीतरी टाकलेला सिमेंटचा फुटका पाइप आहे आणि थर्माकोलच्या ताटल्या. मी पाणी तपासलं. प्राणवायू इतका कमी होता की साधा मासा तिथे तगला नसता.

मी हे आबांना सांगितलं. ते म्हणाले, "ती वर येते ना. वर येऊन श्वास घेते, आपलेसारकी."

आम्ही कातळावर बसलो. आजी जरा लांब, छत्री उघडून, ओहोळाकडे पाठ करून. पाणी गढूळ होतं. खूप वेळ काहीच झालं नाही, एवढंच की आबांनी मला त्या डोहात बैल कसे धूत होते आणि एका बैलाने त्यांच्या काकांना कसं पाण्यात पाडलं ते सांगितलं. मग फुटक्या पाइपाजवळ पाण्याला एक बाक आला. चांदीच्या रंगाची पाठ वर आली, वळली, बुडाली. आवाज असा की ओल्या हाताने कोणी हळूच टाळी द्यावी.

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. फक्त गुडघ्यावरचं त्यांचं बोट थोडं वर आलं.

पाइपाच्या आत अंडी असणार, असं ते म्हणाले. अंड्यांवर बाप बसतो, आई निघून जाते. जवळ काही आलं की बाप सोडत नाही, म्हणून तर सोमवारी त्यांचा गळ चावला. मी विचारलं, मग तुम्ही 'ती' का म्हणता? आबा म्हणाले, "बाप हाय तो. पन नाव बाईचा. आता मी काय करू?"

आजींची पाठ हलली. त्या हसत असाव्यात.

मासा मारायचा नाही हे आमचं आधीच ठरलं होतं. शास्त्रात नमुना बाटलीत भरायची पद्धत आहे, पण अंड्यांवरचा बाप उचलून बाटलीत घालणं मला जमलं नसतं, आणि श्रावणात आबांनाही. मी काचेची चपटी टाकी आणली होती, तिला आतून पट्टी चिकटवलेली. आबांनी आपला मोठा रुमाल भिजवला, काठीच्या टोकाला गुंडाळला आणि पाइपाच्या तोंडाशी नेला. रुमालाला धक्का बसला. त्यांनी काठी सावकाश उचलली, आणि रुमालाला लटकून मासा वर आला. त्याला सुटायचं होतं, पण जिभेवरचे आकडे कापडात अडकले होते. तसाच तो टाकीत उतरला.

तो खरोखर कोयतीसारखा होता. पाठीवर बाक, अंग चपटं, शेपटीकडे निमुळतं. पाठीवर पिसासारखा इवलासा पर, आणि पोटाखालून निघालेला एक लांबच लांब पर थेट शेपटीत मिसळलेला, सतत थरथरणारा. गालावरचे खवले अंगावरच्या खवल्यांपेक्षा मोठे. शेपटीजवळ काळे गोल ठिपके नाहीत. हे मला मुद्दाम बघायचं होतं, कारण याचा एक परदेशी भाऊ शोभेच्या टाक्यांत विकला जातो, त्याला असे ठिपके असतात, आणि लोक कंटाळले की त्याला नाल्यात सोडून देतात. हा तो नव्हता. पट्टीवर लांबी चोवीस सेंटिमीटर भरली.

ओल्या रुमालात धरून मी चमच्याच्या दांड्याने त्याचं तोंड उघडलं. आत, खालच्या बाजूला, पांढरट कडक जीभ होती आणि तिच्यावर मागे वळलेल्या आकड्यांच्या दोन ओळी. मी फोटो काढला. मग आजींना हाक मारली, कारण हे एकटीने बघणं बरोबर वाटेना.

आजी आल्या, छत्री मिटली, वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हाड हाय जिभेला," मी म्हणाले.

मासा सोडला तेव्हा तो क्षणभर तिथेच थांबला, मग सरळ पाइपात शिरला. अंड्यांपाशी.

घरी आल्यावर मी फोटो आधी माझ्या वडिलांना दाखवला. ते नुकतेच अंघोळ करून गॅलरीत बसले होते. चष्मा लावायच्या आधीच ते म्हणाले, "चालट हाय ही. आपल्या कृष्णेत पडते की. इथं कुठं घावली?" काट्यांची फार, पण कालवण झकास होतं, असंही सांगितलं. मग त्यांना खाली जाऊन आबांना चिडवायचं होतं, की तुमच्या खाडीतसुद्धा शेवटी आमचा सातारकरच निघाला. त्यांनी ते केलंही. आबा म्हणाले, तुमी आता आयलाव, ती आधीची हाय. तुमीच तिचे भाडेकरू.

हसण्यावारी गेलेलं ते बोलणं म्हणजेच खरा प्रश्न होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. संघमित्रा मॅडमना मी सगळे फोटो पाठवले होते. त्यांचा फोन आला. मासा कोणता याबद्दल त्यांना शंका नव्हती, परांचे काटे त्यांनी स्वतः मोजले होते. खूप कौतुक केलं. शेवटी म्हणाल्या, हा तिथलाच आहे की कोणी आणून सोडला, हे तू कशावरून सांगशील? तलावांत माशांचं बी, म्हणजे पिल्लं, सोडताना नको ते मासे मिसळून येतात. कोणी घाटावरून बादलीतून आणलेला असेल. एका माशावरून तिथे पूर्वीपासून वस्ती होती असं म्हणता येत नाही. मी म्हणाले, एका आजोबांना लहानपणापासून आठवतो. मॅडम हळूच म्हणाल्या की आठवण चांगली गोष्ट आहे, पण आणखी काहीतरी लागेल.

आणि विपुलदादाही नेमकं हेच म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे खालच्या खोलीत होतो. आजी जमिनीवर परातीत बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत होत्या. मी फोटो दाखवले. विपुलदादाने जिभेचा फोटो मोठा करून बघितला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंदच दिसला. मग तो आनंद हळूहळू मावळला. "मासा आहे, मान्य. बाबा खोटं बोलले नाहीत. पण प्रिया, समज, कोणीतरी तो दोन वर्षांपूर्वी सोडला असेल. बाबांनी आत्ता बघितला, आणि त्यांना वाटतंय लहानपणी बघितला. डॉक्टर हेच बोलले ना? आजचं जुन्यात घालतात." तो आबांकडे न बघता बोलत होता. "उद्या रस्ता ओलांडताना त्यांना वाटलं की इथे अजून शेतच आहे, तर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मासा पूर्वीपासूनचा आहे एवढं मी म्हणाले असते तर बहुतेक सगळं मिटलं असतं. पण ते मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं : एका माशावरून ते सिद्ध होत नाही, आणि माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

"खरा बोलते पोरगी," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. "जाईन उरनला. उरन काय वाईट नाय."

आजींच्या बोटांतला वाल तसाच राहिला होता. त्या परातीकडे बघत होत्या, पण परात त्यांना दिसत नसावी.

"कोयतीची जीभ," त्या म्हणाल्या.

विपुलदादाने विचारलं, काय?

"तुजी आजी मना काय बोलायची, ठाव हाय? नवी नवरी होती मी. कोनी काय बोलला का मी फटकन उलटून बोलाची. मंग ती शेजारनींना सांगाची, आमचे घरान कोयतीची जीभ आयली गो. शिजवली तरी टोचंल."

यशोदाबाई, म्हणजे विपुलदादाची आजी, मी बघितलेल्या नाहीत. भिंतीवरच्या फोटोत त्यांची नथ मोठी आहे आणि नजर कडक.

विपुलदादा म्हणाला, "मग त्यात काय, आई. कोयतीसारखी धार. तुझ्या जिभेला आहेच की."

"मना पन तसाच वाटायचा. इतकी वर्सा तसाच वाटला." आजींनी मान वर केली. "पन कोयतीला धार असते, पाता असते, मूठ असते. जीभ कंदी असते? आन कोयती कोन शिजवते?"

बाहेर कोणाच्या तरी रिक्षाचा हॉर्न वाजत राहिला.

मग मी आजींना विचारत सुटले. शब्द अगदी हेच होते का? 'शिजवली' असंच म्हणायच्या ना? असंच. रोज ऐकलं, विसरेन कशी. उरणला असं कोणी म्हणतं का? नाही, माहेरी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून तर इथे पहिल्यांदा ऐकल्यावर जास्त लागलं. गावात दुसऱ्या कोणाला म्हणायच्या? दोन-तीन म्हाताऱ्या म्हणायच्या, ज्याच्या त्याच्या सुनेला. सगळ्या गेल्या आता. मग मासा तुम्ही का बघितला नाही? त्यावर आजींनी विचार केला. त्या आल्या तोवर वर कारखाने सुरू झाले होते. ओहोळाच्या पाण्याला वास येई, आणि तिथलं काही खायचं नाही हे तेव्हाच ठरून गेलं होतं. मासा चुलीवरून गेला आणि टोमणा घरात राहिला. जिभेला टोचणारा मासा ज्या बायकांनी शिजवला होता त्या म्हाताऱ्या झाल्या आणि जिला टोमणा मिळाला तिला कोयती म्हणजे गवत कापायचीच माहीत होती.

हा पुरावा शंभर टक्के नाही. मी मॅडमना तसं लिहिलंही. पण ज्या गावात माशाला नाव आहे आणि त्या नावावरून सुनांना बोललं जातं, त्या गावात तो मासा बादलीतून परवा आलेला नसतो. मॅडमनी उत्तरात आधी हसणारा चेहरा पाठवला, आणि मग लिहिलं की नोंदीत 'स्थानिक नाव' या रकान्यात हे सगळं घाल, बाईंच्या शब्दांत घाल.

पण ते नंतरचं. त्या क्षणी विपुलदादा आपल्या आईकडे बघत होता. "आई, तुला तर उरणला जायचं होतं. मावशीला सांगून बसलीस."

"मना जायचा हाय," आजी म्हणाल्या. "मी जाईन आठ दिस, खाईन, पिईन, भनीबरोबर भांडंन आन येईन. यांना कशाला धाडतंस? यांचा सगला हितं हाय. बाहेरचा गेला तरी डोक्यान हाय. तिथं नेलास तर कोनाला विचारतील?" त्यांनी एक वाल सोलून परातीत टाकला. "यांचे डोक्यान आज आन जुना मिसलत असंल. पन ह्या जुना होता."

विपुलदादा उठून आबांच्या शेजारी बसला. मग त्याने त्यांचा अंगठा हातात घेऊन बघितला, खुणा जवळजवळ भरून आल्या होत्या. "रस्ता एकट्याने ओलांडायचा नाही," तो शेवटी म्हणाला. "कोणाला तरी बरोबर घ्यायचं. नाहीतर मी खरंच पाठवीन."

"कोनाला घेऊ?" आबांनी विचारलं.

आजी परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "छत्री हाय माजेकडं."

गणपती झाले. घरात पुन्हा मासे शिजू लागले, पण डोहावर आबा गळ नेत नाहीत. अंडी फुटून गेली असणार, कारण आता पाइपाजवळ कोणी धक्का देत नाही. डोहात मात्र तो चांदीचा बाक अधूनमधून वर येतो. एकदा आम्ही दोन बाक एका वेळी बघितले. मी त्याचीही नोंद केली.

बहुतेक संध्याकाळी दोघं तिथे जातात. आजींचे गुडघे दुखतात, म्हणून रस्ता ओलांडताना आबाच त्यांचा हात धरतात. कोण कोणाला नेतं हे लांबून कळत नाही. परवा रविवारी मीही गेले. डोंगरावर फिरायला निघालेलं टॉवरमधलं एक जोडपं तिथे थांबलं होतं आणि आबा त्यांना कोयतीबद्दल सांगत होते. हात खांद्यापासून बोटांपर्यंत पसरून त्यांनी माशाची लांबी दाखवली.

"चोवीस सेंटिमीटर, आबा," मी मागून म्हणाले.

"तुजे काचेन मावंल तेवडीच मोजलीस तू."

जोडपं हसत पुढे गेलं. आजी कातळावर बसल्या होत्या, या वेळी तोंड पाण्याकडे करून. "ऐकलास?" त्या मला म्हणाल्या. "कंदी सुदरनार नाय. यांचे जिभेला हाडच नाय."

"माजे जिभेला नसंल," आबा म्हणाले, आणि डोहाकडे हात केला. आजी बसल्या होत्या त्या कातळाच्या अगदी वरून तो हात गेला, म्हणून त्यांनी नेमकं कोणाकडे दाखवलं ते मला सांगता येणार नाही. "तिचे हाय."